कोणत्या भांडाराचा मान पहिला?

मागील अंकीं आम्हीं संगणकावर नवीं पॅकेजें कशीं चढवावींत यासंबंधीं चार शब्द लिहिले होते. ते वाचून आलेल्या पत्रांत एकच शंका निरनिराळ्या रूपांनीं विचारलेली आढळली. एक वाचक शाळेंतील चाळीस संगणक सांभाळतात. एका भगिनींच्या घरीं तीन पिढ्या एकत्र नांदत असून सासऱ्यांच्या टेबलावरील जुन्या यंत्रापासून मुलांच्या खोलींतील नव्या यंत्रापर्यंत सहा संगणक आहेत. सर्वांवर डेबियन हीच प्रणाली. सर्वांस हुकूमही अक्षरशः तोच दिला. तरीसुद्धां कांहीं यंत्रांवर एक आवृत्ति चढली आणि कांहींवर भलतीच. असें कां व्हावें, आणि तें होऊं नये म्हणून काय करावें, असा प्रश्न आहे. यंत्रें चाळीस असोत वा सहा, दुखणें एकच असल्यामुळें उत्तर सर्वांस मिळून देतों.

पॅकेज म्हणजे प्रोग्रॅमची बांधून ठेवलेली पुडी, हें आतां पुन्हां सांगावयास नको. ह्या पुड्या जेथें ठेवलेल्या असतात त्या जागेस रिपॉझिटरी म्हणतात. आम्ही भांडार म्हणूं. डेबियनची स्थापना इयन मर्डॉक यांनीं १९९३ च्या ऑगस्ट महिन्यांत केली, आणि भांडारांतून पुड्या आपोआप आणणारा ॲप्ट नांवाचा कारभारी १९९९ सालीं निघालेल्या २.१ या आवृत्तीपासून तेथें रुजू झाला. ऑगस्ट २०२५ मध्यें आलेल्या ट्रिक्सी नामक १३ व्या आवृत्तीच्या भांडारांत ६९,००० हून अधिक पॅकेजें आहेत. एवढी मोठी कोठी हाताशीं असतां दुसऱ्याच्या दारीं जावयाचें कारणच काय, असें कोणी म्हणेल. कारण असें कीं, डेबियनचें स्टेबल, म्हणजे स्थिर, भांडार जाणूनबुजून जुनें राखलेलें असतें. सुमारें दोन वर्षांनीं तें नवें होतें, आणि मधल्या काळांत त्यांत मुख्यतः दोषनिवारणापुरतेच फेरफार करतात. ज्याला नव्याची हौस त्याच्यासाठीं टेस्टिंग व अनस्टेबल अशीं आणखी दोन भांडारें आहेत. (आवृत्त्यांचीं नांवें 'टॉय स्टोरी' या चित्रपटांतील पात्रांवरून ठेवण्याची त्या मंडळींची चाल आहे. अनस्टेबलचें नांव सिड; त्या चित्रपटांत खेळणीं मोडणारा द्वाड मुलगा तो हाच. बारशाला बसलेल्यांस विनोदबुद्धि होती यांत शंका नाहीं.) स्थिर प्रणालीवर चालतील अशा बेतानें पुन्हां बांधलेलीं कांहीं नवीं पॅकेजें बॅकपोर्ट्स या भांडारांत मिळतात. सुरक्षिततेच्या दुरुस्त्या सिक्युरिटी या स्वतंत्र भांडारांतून येतात. शिवाय ब्राउझर तयार करणारे, छपाईयंत्रें विकणारे अशा मंडळींचीं खासगी भांडारें असतात तीं वेगळींच. साध्या घरगुती संगणकाच्या यादींतही अशीं चार-पांच भांडारें सहज जमतात.

आतां, एकच पॅकेज दोन भांडारांत वेगवेगळ्या आवृत्तींचें आढळलें तर ॲप्टनें कोणतें उचलावें? पत्रलेखकांची समजूत अशी दिसते कीं, जें सर्वांत नवें तें. ही समजूत अर्धीच खरी आहे. नव्याजुन्याकडे ॲप्ट पाहतो तो मागाहून. प्रथम पाहतो तो त्या भांडाराच्या अग्रक्रमाचा अंक. ज्याचा अंक मोठा त्याचा माल घ्यावयाचा; अंक सारखे असले तरच आवृत्ति नवी कोणती याचा विचार. चार कर्त्या माणसांच्या घरांत कोणाचा शब्द केव्हां चालावयाचा हें जसें न बोलतां ठरलेलें असतें, तसेंच हें आहे. फरक एवढाच कीं, संगणकापाशीं भीडभाड नाहीं. तो अंक पाहून मोकळा होतो.

हे अंक कोणीं सांगितले नाहींत तरी मुळांतच ठरलेले असतात. यादींतील सामान्य भांडाराला ५००. 'आमचें घर अमुक आवृत्तीचें' असें संगणकास निक्षून सांगितलें असेल, तर त्या आवृत्तीच्या भांडाराला ९९०. यंत्रावर आधींच चढलेल्या आवृत्तीला १००. आणि बॅकपोर्ट्सलाही १००च, कारण 'बोलाविल्यावांचून आम्ही येणार नाहीं' अशी खूण त्या भांडाराच्या चालकांनीं स्वतःच आपल्या मालावर करून ठेवलेली असते. अंक शून्याच्या खालीं उतरविला कीं तें पॅकेज त्या यंत्रावर चढूंच शकत नाहीं. लिनक्स मिंट या प्रणालीनें २०२० सालीं आपल्या २० व्या आवृत्तींत स्नॅपडी नांवाच्या पॅकेजला असाच ऋण १० हा अंक देऊन दाराबाहेर ठेवलें होतें. राहिली एक मोठी मेख. चढलेल्या आवृत्तीहून जुनी आवृत्ति ॲप्ट आपण होऊन कधींच बसवीत नाहीं. अंक १००० किंवा त्याहून मोठा असेल तरच तो मागें पाऊल टाकतो.

मागें पाऊल न टाकण्याचा हा बाणा किती कडक आहे, हें २०२४ सालीं सर्वांस दिसलें. त्या वर्षीं २९ मार्च रोजीं आंद्रेस फ्रॉइंड या तंत्रज्ञांनीं असें उघडकीस आणलें कीं, फायली दाबून लहान करणाऱ्या एक्सझेड या प्रोग्रॅमच्या ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांत कोणीं तरी चोरदरवाजा बसविला आहे. दूरच्या यंत्रांत प्रवेश करतांना नेहमीपेक्षां सुमारें अर्धा सेकंद अधिक लागतो, एवढ्या बारीक गोष्टीवरून त्यांस संशय आला होता. त्या आवृत्त्या डेबियनच्या टेस्टिंग व अनस्टेबल भांडारांपर्यंत पोंचल्या होत्या. स्टेबलमध्यें त्या आल्याच नव्हत्या. आतां टेस्टिंग वापरणाऱ्यांच्या यंत्रांवर जुना निर्दोष ५.४.५ चा माल पुन्हां बसवावयाचा, तर ॲप्ट तो घेईना, कारण ५.४.५ हा अंक ५.६.१ हून लहान. तेव्हां डेबियनच्या मंडळींनीं जुन्याच मालाला '५.६.१+रिअली५.४.५' असें नांव देऊन तो भांडारांत ठेवला. बाहेरून मोठा अंक, आणि पुढें लगेच 'खरें पाहतां ५.४.५ च' अशी कबुली! ही लबाडी नव्हे. अशा प्रसंगाची ती रूढ रीतच आहे. पण ज्यांनीं स्थिर भांडाराचा मान राखला होता त्यांना यांतलें कांहींच करावें लागलें नाहीं, आणि नवें तेंच चांगलें म्हणून सर्वच यंत्रें टेस्टिंगवर नेऊन बसविणाऱ्या हौशी मंडळींनीं ही गोष्ट लक्षांत ठेवण्याजोगी आहे.

मूळ शंकेकडे येऊं. एकाच हुकुमाला सहा यंत्रें दोन प्रकारचीं उत्तरें देतात तेव्हां हुकुमांत दोष नसतो. यंत्रांच्या याद्यांत किंवा अंकांत फरक असतो. कोणीं तरी, बहुधा उत्साहाच्या भरांत, एखाद्या यंत्रावर जास्तीचें भांडार जोडून ठेवलेलें असतें. चित्रफीत उघडत नव्हती म्हणून पुतण्यानें एक भांडार जोडलें. चित्रफीत चालूं लागली. पुतण्या परीक्षेच्या अभ्यासाला लागला. भांडार मात्र यादींत तसेंच राहिलें. त्या भांडारांत चित्रफितीच्या पॅकेजाबरोबर इतरही पन्नास पॅकेजें असतात, आणि त्यांतील कांहींचीं नांवें डेबियनच्या पॅकेजांचींच असतात. नव्या भांडाराचा अंकही ५००, डेबियनचाही ५००. मग नव्याजुन्याच्या कसोटीवर पाहुण्याचाच माल चढणार. त्यांतही आवृत्तीच्या अंकापूर्वीं '१:' असा एक उपसर्ग लावण्याची सोय आहे. तो लावला कीं पुढचे सारे अंक गौण ठरतात, आणि १:२.० ही आवृत्ति ९.० हूनही मोठी मानली जाते. पाहुण्यानें असा उपसर्ग लावला असेल, तर डेबियननें पुढें कितीही नवी आवृत्ति काढली तरी ती त्या यंत्रावर यावयाची नाहीं. डेबियनच्या जाणत्या मंडळींनीं अशा सरमिसळ झालेल्या यंत्राला 'फ्रँकनडेबियन' असें नांव दिलें आहे. निरनिराळ्या देहांचे अवयव जोडून केलेल्या कादंबरींतील त्या राक्षसावरून तें आलें. डेबियनपासून निघालेल्या प्रणालींवर थेट डेबियनचें भांडार जोडणाऱ्यांसही तें नांव लागूं पडतें. आपल्याकडे सी-डॅक या, पुण्यास मुख्य कचेरी असलेल्या, संस्थेनें बॉस ही प्रणाली डेबियनच्याच पायावर उभारली आहे. पाया एक म्हणून माळेही बिनदिक्कत एकमेकांवर चढवावेत असें त्यावरून ठरत नाहीं.

पाहुण्याच्या मालाचा एवढा बाऊ कां, असें कोणास वाटेल. वाटणें साहजिक आहे, कारण पॅकेज चढवितांना पडद्यावर चार ओळी सरकून जातात आणि काम होतें. परंतु त्या वेळीं पॅकेजमधील लहानसहान हुकूम यंत्राच्या सर्वाधिकाऱ्याच्या नांवानें चालत असतात. घराच्या सर्व किल्ल्यांचा जुडगा घटकाभर पॅकेज बांधणाऱ्याच्या हातीं दिल्यासारखेंच तें आहे. भांडाराच्या मालावर सहीशिक्का असतो, ही गोष्ट खरी. आणि अमुक शिक्का अमुक भांडारापुरताच ग्राह्य धरावा असें यादींत लिहून ठेवण्याची सोयही ॲप्टमध्यें आहे. ती अवश्य वापरावी. पण शिक्क्यावरून माल कोणीं पाठविला एवढें कळतें. त्याचा शब्द दुसऱ्याच्या वर चालावा कीं नाहीं, हें आपणच ठरवावयाचें असतें.

तें न ठरविल्यास काय होतें याचीं दोन उदाहरणें डेबियनच्या बाहेरचीं, पायथन वगैरे भाषांच्या भांडारांतलीं आहेत. फेब्रुवारी २०२१ मध्यें ॲलेक्स बिरसन या संशोधकांनीं आपला प्रयोग प्रसिद्ध केला. मोठमोठ्या कंपन्या आपल्या खासगी भांडारांत जीं पॅकेजें ठेवतात त्यांचीं नांवें शोधून, त्याच नांवांचीं पण मोठ्या आवृत्ति-अंकाचीं पॅकेजें त्यांनीं सार्वजनिक भांडारांत ठेवून दिलीं. ॲपल, मायक्रोसॉफ्ट, पेपाल धरून पस्तीसांहून अधिक संस्थांच्या आंतल्या यंत्रांनीं घरचा माल सोडून हा बाहेरचा माल उचलला! बिरसन यांचा हेतु दोष दाखविण्याचा होता, आणि त्याबद्दल त्यांस बक्षिसेंही मिळालीं. दुसरें उदाहरण इतकें निरुपद्रवी नाहीं. पायटॉर्च हें यंत्राला शिकविण्याच्या विद्येंतलें विख्यात साधन. त्याच्या रोज निघणाऱ्या चाचणी-आवृत्तीला टॉर्चट्रायटन हें एक पॅकेज लागे, आणि तें पायटॉर्चच्या स्वतःच्या भांडारांत असे. २०२२ च्या डिसेंबरांत कोणीं तरी त्याच नांवाचें दुष्ट पॅकेज पायपीआय या सार्वजनिक भांडारांत आणून ठेवलें. त्या महिन्याच्या २५ पासून ३० तारखेपर्यंत ज्यांनीं पिप या साधनानें लिनक्सवर ती चाचणी-आवृत्ति चढविली, त्यांच्या यंत्रांवर घरच्याऐवजीं बाहेरचें पॅकेज गेलें, आणि त्यानें यंत्रांतील गुप्त किल्ल्यांसुद्धां खासगी फायली वाचून बाहेर पाठविल्या. पिपला जास्तीचें भांडार सांगतां येतें, परंतु त्या दोहोंत मोठें कोण हें सांगणारा अग्रक्रमाचा अंक त्याच्यापाशीं नाहीं. ॲप्टपाशीं आहे, आपण तो वापरीत नाहीं, इतकेंच.

मग अंक वापरावयाचा ठरला कीं बहुतेकांचा पहिला विचार असा होतो: आपल्या भांडाराला ९९० देऊन टाकावे, म्हणजे घरचा मान निर्विवाद राहील. येथेंच आमचें वाचकांस सर्वांत अधिक सावध करणें आहे, कारण या भाबड्या उपायानें २०२१ सालीं अनेक यंत्रांवर संकट ओढवण्याजोगी स्थिति उत्पन्न झाली. त्या वर्षाच्या १४ ऑगस्ट रोजीं डेबियनची बुल्सआय ही ११ वी आवृत्ति निघाली. तोंवर सुरक्षा-भांडाराचें सांकेतिक नांव मुख्य भांडाराचेंच असे. १० व्या आवृत्तीच्या वेळीं दोघांचेंही नांव बस्टर. बुल्सआयपासून सुरक्षा-भांडाराचें नांव 'बुल्सआय-सिक्युरिटी' असें वेगळें केलें गेलें. आतां ज्या व्यवस्थापकानें 'बुल्सआय नांवाच्या भांडाराला ९९०' एवढेंच लिहिलें होतें, त्याच्या यंत्रावर मुख्य भांडार ९९० वर गेलें आणि सुरक्षा-भांडार ५०० वर राहिलें. दोषमुक्त आवृत्ति सुरक्षा-भांडारांत आली तरी काय उपयोग? ती नवी खरी, पण तिचा अंक लहान. ॲप्टनें ती उचललीच नाहीं.

आणि यांत वाईट तें असें कीं, कोठेंही कांहींही मोडत नाहीं. यंत्र चालतें, छपाई होते, पत्रें येतात-जातात. अद्ययावत् करण्याचा हुकूम द्यावा तर 'सर्व कांहीं अद्ययावत् आहे' असें उत्तर मिळतें. आणि यंत्राच्या दृष्टीनें तें खोटेंही नसतें, कारण त्याला नेमून दिलेल्या नियमाप्रमाणें खरोखरच कांहीं आणावयाचें उरलेलें नसतें. सुरक्षेच्या दुरुस्त्या कांहीं महिन्यांच्या अंतरानें मुख्य भांडारांत विलीन करण्याची डेबियनची पद्धत आहे, त्यामुळें त्या अखेरीस पोंचतात. परंतु दोष जाहीर झाल्यापासून तों दुरुस्ती पोंचेपर्यंतचा काळ हाच चोराचा काळ. एका यंत्रावर असें झालें तर एक यंत्र उघडें पडलें. चाळीस यंत्रांना तोच नियम एका झटक्यांत वांटला असेल, तर चाळीसही यंत्रें सारखींच उघडीं पडतात, आणि सर्व सारखीं असल्यामुळें कोणाला विसंगति दिसून संशयही येत नाहीं. डेबियनकरांनीं आवृत्तीबरोबरच्या टिपणांत याची सूचना स्पष्ट दिली होती, आणि तिन्ही नांवें, म्हणजे मूळ नांव, त्याला 'सिक्युरिटी' जोडून होणारें आणि 'अपडेट्स' जोडून होणारें, एकाच नियमांत कशीं बसवावींत हेंही सांगितलें होतें. पुढच्या आवृत्त्यांतही तीच मांडणी आहे. तेव्हां ज्यांच्या यंत्रांवर जुन्या काळचे नियम नुसतें नांव बदलून चालत आले आहेत, त्यांनीं हा अंक खालीं ठेवण्यापूर्वीं तपास करावा. तपास सोपा आहे. 'ॲप्ट-कॅश पॉलिसी' हा हुकूम पुढें कोणतेंही नांव न घालतां दिला, म्हणजे सर्व भांडारें आपापल्या अंकांसह पडद्यावर येतात. त्यांत सुरक्षा-भांडाराच्या ओळीपुढचा अंक मुख्य भांडाराच्या अंकाहून लहान असेल, तर दुखणें आहे. हुकुमापुढें पॅकेजचें नांव घातलें तर त्याच्या कोणकोणत्या आवृत्त्या कोठें आहेत, प्रत्येकीचा अंक काय, आणि निवड कोणाची होणार, हेंही कळतें. पत्रलेखकांनीं सहाही यंत्रांवर हा हुकूम देऊन उत्तरें शेजारीं शेजारीं मांडावींत. फरक कोठें आहे तें पांच मिनिटांत सांपडेल.

आमचें मत असें आहे कीं, आपल्या भांडाराचा अंक वाढविण्यापेक्षां परक्याचा कमी करावा. डेबियनचीं सर्व भांडारें ५०० वर असूं द्यावींत; त्यांचीं नांवें पुढेंमागें बदललीं तरी मग कांहीं बिघडत नाहीं. बाहेरच्या भांडारांतील एकूणएक पॅकेजांना १०० द्यावे. म्हणजे जें पॅकेज डेबियनपाशीं नाहीं तें मागितल्यास तेथून मिळतें, त्याच्या पुढच्या आवृत्त्याही येत राहतात, आणि जें दोघांपाशीं आहे त्यांत डेबियनचा मान राहतो. ज्यांना याहून कडक बंदोबस्त हवा त्यांनीं त्या भांडारांतील सर्व पॅकेजांना ऋण अंक द्यावा, आणि ज्या एक-दोन पॅकेजांसाठीं तें जोडलें त्यांचीं नांवें लिहून तेवढ्यांना ५०० द्यावे. शाळेच्या यंत्रांना आम्ही हा दुसरा मार्ग सुचवूं. घरीं पहिला पुरे. बॅकपोर्ट्समधील एखादें पॅकेज हवें असल्यास नियम लिहिण्याचीही गरज नाहीं. त्या एका हुकुमापुरतें भांडाराचें नांव घालून तें मागावें. पुढें त्याच्या नव्या आवृत्त्या तेथूनच येतात, आणि इतर पॅकेजांस धक्का लागत नाहीं. १००१ सारखा अंक 'सर्व पॅकेजांना' म्हणून कायमचा लिहून ठेवणें मात्र आम्हांस मुळींच पसंत नाहीं. तो यंत्राला घाऊक मागें नेऊं शकतो, आणि अशा मागें जाण्याची हमी डेबियन देत नाहीं.

हे नियम ॲप्टच्या 'प्रेफरन्सेस' या फायलींत, किंवा त्याच नांवाच्या कप्प्यांतील लहान लहान फायलींत लिहावयाचे असतात. प्रत्येक नियमाच्या तीन ओळी: पॅकेज कोणतें, कोठलें, आणि अंक किती. कप्प्यांतील फायली नांवाच्या क्रमानें वाचल्या जातात, आणि जो नियम आधीं लागूं पडतो तो चालतो. मात्र नांव घेऊन लिहिलेला नियम 'सर्व पॅकेजांना' म्हणून लिहिलेल्या नियमाच्या आधीं मानला जातो. फाईलच्या नांवाला शेपूट द्यावयाचें तर तें 'प्रेफ' असेंच हवें, नाहीं तर ॲप्ट ती फाईल वगळून पुढें जातो. यावर कित्येकांचा अर्धा दिवस गेलेला आम्हांस ठाऊक आहे.

यंत्रें पांचांहून अधिक असतील तर प्रत्येकावर जाऊन हातानें नियम लिहूं नयेत. हातानें लिहिलेल्या सहा प्रती सहा महिन्यांत सहा प्रकारच्या होतात. नियमांची एकच मूळ प्रत ठेवून ती ॲन्सिबल किंवा पपेट यांसारख्या साधनानें सर्वांकडे पाठवावी. किंवा त्या फाईलचेंच एक लहानसें पॅकेज बांधून आपल्या भांडारांत ठेवावें. मूळ प्रतींत प्रत्येक नियमावर तो कोणीं, केव्हां व कशासाठीं केला आणि केव्हां काढावयाचा हें एका ओळींत लिहावें. नवा नियम प्रथम दोन यंत्रांवर घालून, सुरक्षा-भांडाराचा अंक पाहून, मगच उरलेल्यांकडे पाठवावा. घरच्या सहा यंत्रांत ही परीक्षा सासऱ्यांच्या यंत्रावर घेऊं नये. मुलांच्या यंत्रावर घ्यावी. मुलें तक्रार लगेच करतात. शाळेंत ॲप्टली किंवा रेप्रेप्रो या साधनांनीं स्वतःचें भांडार ठेवतां येतें. ॲप्टलीची सोय अशी कीं, एखाद्या दिवसाचें भांडार जसेंच्या तसें गोठवून चाळीसही यंत्रांना तेंच दाखवितां येतें, म्हणजे एक यंत्र सोमवारचें आणि दुसरें शुक्रवारचें असा भेद उरत नाहीं. मात्र गोठविलेलें भांडार नियमानें ताजें करणारा माणूस नेमलेला असला पाहिजे. तो सुट्टीवर गेला तर कोण, हेंही ठरलेलें असावें.

ज्यांच्याकडे फेडोरा किंवा ओपनसूसे या घराण्यांचीं यंत्रें आहेत त्यांनीं वरील अंक तसेच उचलूं नयेत. तेथें गणित उलटें आहे. डीएनएफ व झिपर या तेथल्या कारभाऱ्यांपाशीं न सांगितलेल्या भांडाराचा अंक ९९ धरतात, आणि अंक जितका लहान तितका मान मोठा. १ हा सर्वांत वरचा. ॲप्टच्या संवयीनें परक्या भांडाराला तेथें १० द्यावेत, तर त्याला दाराशीं ठेवण्याऐवजीं पाटावर नेऊन बसविल्यासारखें होईल. दोन्ही प्रकारचीं यंत्रें एकाच संस्थेंत असतील, तर नियमांच्या मूळ प्रती दोन ठेवाव्यात, आणि प्रत्येकीच्या पहिल्याच ओळींत तेथें मोठा अंक वरचा कीं लहान, तें लिहावें.